पुस्तकांतून हातांत : पत्त्यांच्या जादूचें स्वयंशिक्षण

विद्या गुरुमुखानें घ्यावी, असा आपल्याकडील जुना दंडक आहे. आणि जी विद्या हातानें करून दाखवावयाची, तिच्या बाबतींत तर तो अधिकच कडक. तबल्यावर बोट कोठें व कसें पडावें, कुंभाराच्या चाकावर माती किती दाबावी, हें कागदावर वाचून कळत नाहीं. जवळ बसून, पाहून, चुकून आणि प्रसंगीं बोलणीं खाऊनच तें कळतें. हातचलाखी ही याच जातीची विद्या. शिवाय ती गुप्त. जिचें सारें सामर्थ्य गुपितांत सांठविलेलें, ती छापून दुकानांत विकावयास मांडली जाईल, हें प्रथमदर्शनीं विपरीतच वाटतें. परंतु वस्तुस्थिति अशी आहे कीं, पत्त्यांच्या जादूंतील कित्येक नामांकित उस्ताद मुख्यतः पुस्तकांपासून शिकले. आज तर हीं पुस्तकें कागद सोडून कांचेच्या पडद्यावर आलीं आहेत. ज्या ग्रंथाची प्रत मिळविण्यासाठीं एके काळीं परदेशीं पत्रें लिहावीं लागत, तो आज ई-पुस्तकाच्या रूपानें क्षणार्धांत खिशांतल्या मोबाइलवर उतरतो.

तेव्हां प्रश्न असा उभा राहतो कीं, हीं मुकीं अक्षरें हाताला शिकवितात तरी कशीं? तीं कोठपर्यंत नेऊन पोंचवितात, आणि कोठें थांबतात? हे प्रश्न केवळ हौशी जादूगारांपुरते नाहींत. घरीं बसून पडद्यावरून शिवणकाम, वाद्य, चित्रकला, नाहीं तर परकी भाषा शिकूं पाहणाऱ्या प्रत्येकाला ते केव्हां ना केव्हां पडतात. पत्त्यांचें उदाहरण घेण्याचें कारण इतकेंच कीं, या विद्येंत शिकलेलें पक्कें कीं कच्चें, याचा निकाल समोरचा प्रेक्षक तत्काळ लावतो.

प्रथम या पुस्तकांची थोडी पूर्वपीठिका पाहूं. इंग्लंडांत १५८४ सालीं रेजिनाल्ड स्कॉट नांवाच्या गृहस्थानें ‘डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जादूगार तयार करावे, हा त्याचा हेतु नव्हता. त्या काळीं चेटूक केल्याच्या आरोपावरून निरपराध माणसांचा, विशेषतः गरीब व वृद्ध स्त्रियांचा, छळ होत असे. कित्येकींना फांशींहि दिलें जाई. लोक ज्याला सैतानी करणी समजतात त्यापैकीं पुष्कळसें निव्वळ मानवी चलाखीनें होतें, हें दाखविण्यासाठीं स्कॉटनें खेळ करणाऱ्यांच्या युक्त्या उघड केल्या. त्यांत नाण्यांच्या, चेंडूंच्या आणि पत्त्यांच्या युक्त्याहि होत्या. म्हणजे ही विद्या इंग्रजींत छापली गेली तीच मुळीं लोकांचें अज्ञान दूर व्हावें आणि निष्पापांचे जीव वांचावे म्हणून. महाराष्ट्रांत अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तथाकथित चमत्कारांमागील हातचलाखी लोकांसमोर करून दाखवितात, तें याच परंपरेंतलें काम होय.

पुढें १८७६ सालीं लंडनमध्यें ‘मॉडर्न मॅजिक’ हें पुस्तक निघालें. ‘प्रोफेसर हॉफमन’ असें टोपणनांव घेऊन तें लिहिणारे अँजेलो लुईस हे पेशानें बॅरिस्टर होते. कायद्याच्या कलमाला जी नेमकी आणि निःसंदिग्ध भाषा लागते, ती त्यांनीं बोटांच्या हालचालींना लावली. ‘पान सफाईनें वर आणावें’ एवढ्यावर न थांबतां, कोणतें बोट कोठें ठेवून कशाला दाबावें, हें त्यांनीं क्रमानें सांगितलें. एक अडचण मात्र राहिली. पत्त्यांच्या प्रकरणांत त्यांनीं पहिलाच पाठ दिला तो ‘पास’ या कृतीचा; म्हणजे जोडाचे दोन भाग कोणाला न कळतां खालींवर बदलण्याचा. ही कृति अतिशय अवघड. वर्णमालेच्या आधीं जोडाक्षरें गिरवावयास दिल्यासारखा तो प्रकार होता.

हा क्रम कसा सुधारला, हें पाहण्यासाठीं १९४८ सालच्या ‘रॉयल रोड टु कार्ड मॅजिक’ या पुस्तकाकडे वळावें. जीन ह्यूगार्ड आणि फ्रेडरिक ब्राउए या दोघांनीं मिळून तें लिहिलें. त्याचा पहिला पाठ साधें पत्ते पिसण्याचा आहे. आणि प्रत्येक कृति शिकविल्याबरोबर, तेवढ्याच भांडवलावर करतां येतील असे खेळ त्या प्रकरणांतच दिले आहेत. विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यांत घरच्यांपुढें कांहीं तरी करून दाखवितां यावें, ही त्यांतील दृष्टि. शिकविण्याचा धंदा ज्यांनीं केला आहे, त्यांना या व्यवस्थेचें मोल निराळें सांगावयास नको. पुढें स्वित्झर्लंडमधील रोबेर्टो जोब्बी यांनीं हीच दृष्टि ठेवून पांच खंडांची ‘कार्ड कॉलेज’ ही मोठी पाठमाला रचली. ती मूळ जर्मन भाषेंत निघाली आणि मागाहून इंग्रजींत आली.

या सर्वांत सर्वाधिक चर्चा झाली ती मात्र १९०२ सालीं शिकागो येथें निघालेल्या ‘दि एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ या पुस्तकाची. त्यावर लेखकाचें नांव एस. डब्ल्यू. अर्डनेस असें आहे. तें टोपणनांव असून, त्यामागील खरा मनुष्य कोण हें आजतागायत निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं. पुस्तकाच्या पहिल्या भागांत जुगाराच्या टेबलावरील लबाडीचे प्रकार आहेत, दुसऱ्यांत जादूचे, आणि एम. डी. स्मिथ या चित्रकारानें प्रत्यक्ष हात पाहून काढलेल्या शंभरांवर आकृत्या आहेत. लोकसुधारणेचा कसलाहि आव न आणतां, पैशांची गरज आहे म्हणून पुस्तक लिहिलें, असें लेखक प्रस्तावनेंत उघडपणें सांगतो. कॅनडांतील ओटावा शहरीं १८९४ सालीं जन्मलेल्या डाय व्हर्नन या मुलाच्या हातीं हें पुस्तक लहानपणींच पडलें, आणि त्यानें तें जवळजवळ मुखोद्गत केलें. याच व्हर्ननने १९२२ सालीं शिकागोंत प्रख्यात जादूगार हुडिनी यास पत्त्यांच्या एका खेळांत चकविलें. पुढें १९८४ सालीं, नव्वदीच्या घरांत, त्याच पुस्तकावरील त्याच्या टिपा ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या. १९९२ सालीं तो वारला, तेव्हां त्याचें वय ९८ वर्षांचें होतें. एका पुस्तकाचें अध्ययन मनुष्यानें किती काळ करावें, याचें याहून ठळक उदाहरण क्वचित् सांपडेल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. शिकणाराच्या दृष्टीनें पत्त्यांच्या खेळांचे तीन वर्ग पाडले, म्हणजे पुस्तकाची शक्ति व तिची मर्यादा चटकन ध्यानांत येते.

पहिला वर्ग निव्वळ गणिताचा. एकवीस पानांचा खेळ श्रोत्यांपैकीं अनेकांनीं लहानपणीं केला असेल. २१ पानें एकेक करून क्रमानें तीन ढिगांत सुलटीं वाटावयाचीं. समोरच्यानें मनांत धरलेलें पान कोणत्या ढिगांत आहे एवढेंच विचारावयाचें. आणि तो ढीग उरलेल्या दोहोंच्या मध्यें ठेवून पानें एकत्र करावयाचीं. असें तीन वेळां केलें कीं धरलेलें पान बरोबर अकरावें येतें. कारण पहिल्या खेपेस तें मधल्या सातांत येतें, दुसऱ्या खेपेस मधल्या तिहींत, आणि तिसऱ्या खेपेस अगदीं मध्यावर. हा खेळ पुस्तक पूर्णपणें शिकवितें. वाचणारा शुद्धीवर असला आणि त्याला मोजतां येत असलें, म्हणजे झालें.

दुसरा वर्ग युक्तीचा. जोडाच्या तळाचें पान आधीं सहज पाहून ठेवावयाचें; समजा, तें किलवरची सत्ती आहे. समोरच्यानें जोडांतून एक पान काढून पहावें, जोडावर पालथें ठेवावें, आणि जोड कापून खालचा भाग वर ठेवावा. तो बिचारा समजतो, आपलें पान आतां कोठें तरी हरवलें. परंतु तळाची किलवरची सत्ती बरोबर त्याच्या पानावर येऊन बसलेली असते. वरून एकेक पान सुलटें मांडीत गेल्यावर सत्तीमागून येणारें पान तें त्याचें. गुपित तीन ओळींचें. पण सत्ती दिसतांच ज्याचा चेहरा उजळतो आणि पुढच्या पानावर जो लगेच झडप घालतो, त्याचा खेळ फसला म्हणून समजावें. जाणता मनुष्य तें पान ओलांडून आणखी चार पानें मांडतो, थांबतो, चुकल्यासारखें करतो, आणि मग मागें येतो. हें ‘थांबणें’ पुस्तकांत लिहिलेलें असतें खरें; पण किती थांबावें तें लिहितां येत नाहीं. म्हणून या वर्गांत पुस्तक बहुतेक वाट दाखवितें, आणि शेवटचीं पावलें ज्याचीं त्यानें टाकावयाचीं असतात.

तिसरा वर्ग हस्तलाघवाचा, आणि खरी परीक्षा येथें आहे. यांतील अगदीं पहिला पाठ पाहूं : जोड उघडउघड पिसूनहि वरचें पान वरच राखणें. पिसतांना उजव्या हातांतील जोडाच्या वरून डावा आंगठा थोडींथोडीं पानें ओढून डाव्या हातांत घेतो, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. पहिल्या पिसण्यांत आंगठ्यानें सर्वांत वरचें पान एकटेंच ओढावयाचें आणि बाकीचीं नेहमींप्रमाणें त्यावर टाकावयाचीं. तें पान तळाशीं जातें. लगेच दुसऱ्यांदा पिसावयाचें, आणि शेवट जवळ आला कीं एकेक पान ओढावयाचें. तळाचें पान सर्वांत शेवटीं एकटें पडतें आणि पुन्हां वर येतें. एवढीच कृति. पण एक पान ओढतांना आंगठा किंचित् अडखळला, किंवा नजर तेथें खिळली, कीं पाहणाराला संशय येतो. संशय आला तर त्याला गुपित कळलें नाहीं तरी जादू संपलीच.

अशा कृति शब्दांत बांधण्यासाठीं या पुस्तकांनीं स्वतःची एक परिभाषाच घडविली आहे. अर्डनेसच्या पुस्तकांत ती आरंभींच समजावून दिली आहे. एखादें पान जोडाच्या कडेबाहेर किंचित् डोकावत ठेवणें याला ‘जॉग’ म्हणतात. बोटाच्या टोंकानें दोन भागांमध्यें बारीक फट राखणें म्हणजे ‘ब्रेक’. एकेक पान ओढीत जाणें म्हणजे ‘रन’. खालचा भाग काढून घेणें म्हणजे ‘अंडर-कट’. हे पांच-सात शब्द पक्के झाले म्हणजे अर्ध्या पृष्ठाची कृति दोन ओळींत सांगतां येते. ‘षड्ज’, ‘पंचम’ हे शब्द ज्याला माहीत नाहींत त्याला संगीताचें पुस्तक जसें निरुपयोगी, तशीच येथेंहि गत आहे. पुष्कळ नवशिके हें परिभाषेचें पृष्ठ ओलांडून थेट खेळांवर उडी घेतात, आणि मग पुस्तक दुर्बोध आहे अशी तक्रार करतात.

तर मग अशीं पुस्तकें वाचावीं कशीं? अनुभवी लोकांच्या सांगण्याचा सारांश असा आहे. पहिलें वाचन पत्ते हातांत न घेतां करावें, आणि त्यांत एवढेंच पहावें कीं, हा खेळ प्रेक्षकाला कसा दिसणार आहे. बहुतेक चांगलीं पुस्तकें हें दर्शनी स्वरूप आधीं सांगतात आणि रीति मागून सांगतात. पण उतावळ्या वाचकाला रीतीचीच घाई असते. कोठें जावयाचें हें ठाऊक नसतां वाट विचारण्यासारखें तें आहे. दुसरें वाचन पत्ते घेऊन करावें, आणि एक वाक्य करून झाल्याखेरीज दुसरें वाचूं नये. येथें सोबती मिळाल्यास फार उत्तम : एकानें वाचावें, दुसऱ्यानें करावें. वाचणाराला हाताची चूक दिसते, आणि करणाराला वाक्याचा अर्थ नीट ऐकूं येतो. तिसऱ्या पायरीस पुस्तक मिटून तीच कृति स्वतःच्या शब्दांत, मराठींत, मोठ्यानें सांगावी. जेथें जीभ अडते, नेमका तेथेंच हातहि अडलेला असतो.

आकृत्यांविषयीं एक सूचना. चित्र करणाराच्या बाजूनें काढलेलें आहे कीं पाहणाराच्या, हें आधीं ठरवून घ्यावें. नाहीं तर डावें-उजवें उलट होऊन दिवसच्या दिवस फुकट जातात. चित्र नेहमीं एका क्षणाचें असतें. चौथ्या आणि पांचव्या आकृतीच्या मध्यें हातानें कोणत्या वाटेनें जावयाचें, तें मजकुरांतच शोधावें लागतें.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, खोटी कृति शिकण्यापूर्वीं खरी पाहून घ्यावी. आपण पत्ते पिसतों ते कसे पिसतों, हें फारच थोड्या लोकांना सांगतां येईल. तेव्हां चार दिवस निव्वळ प्रामाणिकपणें पिसावें, आणि त्या वेळीं आंगठा कोठें असतो, नजर कोठें असते, हात किती वेगानें चालतो, याची नोंद घ्यावी. मग शिकलेली चलाखी त्या सांच्यांत बसवावी. हातचलाखीनें सहज हालचालीहून वेगळें दिसूं नये, हा आग्रह व्हर्ननने जन्मभर धरला. आणि पुस्तकावरून शिकणाराला या एका कसोटीचा आधार मोठा आहे, कारण खऱ्या पिसण्याचा नमुना त्याच्या स्वतःच्या हातांत कायम हजर असतो. गुरु जवळ नसला तरी नमुना जवळ आहे.

सरावासाठीं आरसा बरा. परंतु त्याचीहि एक खोड आहे. आरशांत पाहून सराव करणारा पुष्कळदां नेमक्या चलाखीच्या क्षणीं डोळे मिटतो, आणि आपलें आपणच दिसूं न दिल्यामुळें संतुष्ट राहतो. आतां मोबाइलवर स्वतःचें चित्रण करून तें मागाहून पाहतां येत असल्यानें ही पळवाट बंद झाली आहे. पॉल फिट्स व मायकेल पोस्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९६७ सालीं कौशल्याच्या शिक्षणाच्या तीन अवस्था सांगितल्या : पहिलींत मनुष्य विचार करून करतो, दुसरींत चुका दुरुस्त करीत करतो, आणि तिसरींत हात आपोआप करतो. पुस्तकाचा मुख्य उपयोग पहिल्या अवस्थेंत. दुसऱ्या अवस्थेंत अधूनमधून परत जाऊन तें पडताळावें. आणि तिसरी अवस्था येईपर्यंत खेळ लोकांपुढें करूं नये. कारण ज्याचें मन बोटांत गुंतलें आहे, त्याला समोरच्या माणसाशीं बोलावयास फुरसत नसते, आणि बोलण्यावांचून ही जादू रंगत नाहीं.

आतां ई-पुस्तकांचा विचार. त्यांनीं केलेली सोय लहान नाहीं. इंटरनेट आर्काइव्हसारख्या मुक्त ग्रंथालयांत हॉफमन व अर्डनेस यांचीं जुनीं पुस्तकें कोणालाहि घरबसल्या विनामूल्य वाचतां येतात. लहान गांवांतल्या मुलाला पूर्वीं जें नुसतें ऐकूनहि ठाऊक नसे, तें आज त्याच्यापुढें उघडें आहे. आकृति हवी तेवढी मोठी करून पाहतां येते. एखादा पारिभाषिक शब्द अडला तर तो पुस्तकांत आणखी कोठें आला आहे, हें निमिषांत सांपडतें. आणि कांहीं नव्या ई-पुस्तकांत अवघड ठिकाणीं हलतें चित्रहि जोडलेलें असतें.

पण गैरसोयीहि आहेत, आणि त्या जाणून घेतलेल्या बऱ्या. दोन्ही हात पत्त्यांत गुंतलेले असतां पडदा विझतो, आणि बोट लावावयास हात मोकळा नसतो. म्हणून पडदा विझूं नये अशी व्यवस्था आधीं करून, यंत्र डोळ्यांसमोर टेकवून ठेवावें. अक्षर मोठें केलें कीं कित्येक ई-पुस्तकांत मजकूर सरकतो, आणि ‘सोबतच्या आकृतींत’ म्हटलेली आकृति पुढच्या पृष्ठावर जाते. जुन्या ग्रंथाच्या छायाचित्रावरून यंत्रानें अक्षरें ओळखून केलेल्या प्रतींत चुका राहतात. कादंबरींत एक अक्षर चुकलें तर वाचक सांवरून घेतो. येथें ‘तिसरें पान’ या ठिकाणीं ‘आठवें पान’ झालें, तर सबंध खेळ कोसळतो. अशा वेळीं मूळ पृष्ठाचें छायाचित्र उघडून ताडून पहावें.

हलत्या चित्राविषयीं जाणत्यांत मतभेद आहे. चित्रांत हाताचा वेग, लय, थांबणें, सारें एकदम दिसतें. पुस्तकाला जें सांगतां येत नाहीं, तेंच तें दाखवितें. म्हणून नवशिक्याला त्याची मदत नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु पाहून शिकणारा बहुधा शिकविणाराची लकबहि उचलतो : त्याचेच शब्द, त्याचाच हातवारा, त्याचेच विनोद. वाचून शिकणाराला खेळ आधीं मनांत उभा करावा लागतो, आणि तो उभा करतांना नकळत त्याचा स्वतःचा होतो. आधीं वाचावें, जमेल तेवढें करावें, आणि अडल्या ठिकाणापुरतें चित्र पहावें, हा मध्यम मार्ग बहुतेकांना मानवतो.

ई-पुस्तकांचा सर्वांत मोठा धोका मात्र त्यांच्या विपुलतेंत आहे. यंत्रांत तीनशें पुस्तकें सांठवितां येतात, म्हणून ती सांठविलीं जातात. गुपित वाचलें कीं खेळ आला, असा भास होतो. मन पुढच्या गुपिताकडे धांवतें, आणि हात जेथल्या तेथें राहतो. असा मनुष्य पांचशें खेळ ‘जाणतो’, आणि पाहुणे आल्यावर एकहि करूं शकत नाहीं. जाणणें आणि येणें यांतील हें अंतर कोणत्याहि विद्येंत आहे. पत्ते तें दोन मिनिटांत उघडें पाडतात. यावर उपाय जुनाच : एक पुस्तक, त्यांतलीं पहिलीं दोन प्रकरणें, आणि तीन खेळ. ते तीन पक्के झाल्यावर पुढचें पृष्ठ उघडावें.

पुस्तक कोठें थांबतें, याचींहि दोन उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत. पहिलें व्हर्ननचेंच. जोडाच्या अगदीं मधून पान काढून वाटणारा एक पत्तेबाज आहे, असें १९३२ सालीं त्याच्या कानावर आलें. ही कृति होण्यासारखी आहे, असें त्या काळीं जाणकारहि मानीत नसत. ज्यानें आयुष्य पुस्तकावर घालविलें, तो व्हर्नन आतां गांवोगांव चौकशी करीत निघाला, आणि अमेरिकेंतील मिसूरी प्रांतांत प्लेझंट हिल नांवाच्या लहानशा गांवीं ॲलन केनेडी नांवाचा तो मनुष्य त्यानें शोधून काढला. तें वाटणें त्यानें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें. ग्रंथांत नसलेली गोष्ट माणसाजवळ असूं शकते, आणि तिच्यासाठीं उठून जावें लागतें, हें त्या ग्रंथपंडितानें ओळखलें होतें.

दुसरें उदाहरण अर्जेंटिनाच्या रेने लावांद यांचें. नऊ वर्षांचे असतांना अपघातांत त्यांचा उजवा हात गेला. पत्त्यांचीं सर्व पुस्तकें दोन हातांच्या माणसांसाठीं लिहिलेलीं. ‘उजव्या हाताच्या मधल्या बोटानें’ असें जेथें वाक्य सुरू होई, तेथें त्यांच्यापुरतें पुस्तक संपत असे. तरीहि एका डाव्या हातानें तेंच साध्य कसें होईल, हें त्यांनीं स्वतः शोधलें, आणि जगभर नांव मिळविलें. त्यांचा एक गाजलेला खेळ तर याच गोष्टीवर उभा होता कीं, हें याहून सावकाश करतां येणारच नाहीं. २०१५ सालीं ते वारले. पुस्तकानें त्यांना काय साधावयाचें तें सांगितलें असेल. कसें साधावयाचें, तें त्यांच्या हाताला स्वतःच शिकावें लागलें. अंशतः प्रत्येक वाचकाची स्थिति अशीच असते. कारण लेखकाचीं बोटें लांब असतात, वाचकाचीं आंखूड; लेखकाचा तळवा कोरडा, वाचकाचा घामट. पुस्तकांतली रीति आपल्या हातापुरती थोडी बदलून घ्यावीच लागते, आणि कोठें बदलावें हें कळणें हीच प्रगतीची पहिली खूण होय.

शेवटीं दोन शब्द नीतीचे. अर्डनेसच्या पुस्तकांत लबाडांची आणि जादूगारांची विद्या एकाच बांधणींत आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं बोटांची हालचालहि तीच आहे. फरक करारांत आहे. जादूगार समोरच्याला आधींच सांगतो कीं, मी तुम्हांला फसविणार आहें. आणि प्रेक्षक आपखुशीनें, आनंदासाठीं, फसून घेतो. पैसे लावून बसलेल्या माणसाला असें कोणी विचारलेलें नसतें. ही विद्या मुलांच्या हातीं देतांना वडील माणसांनीं एवढें एक वाक्य तिच्याबरोबर अवश्य द्यावें. दुसरी गोष्ट लेखकांची. जुन्या ग्रंथांचे हक्क संपले असल्यामुळें ते सर्वांना मोकळे आहेत. परंतु हयात लेखकानें वर्षानुवर्षें खपून लिहिलेल्या ई-पुस्तकाची चोरून केलेली नक्कल उतरवून घेणें, हें त्याच्या पोटावर पाय देणें आहे. ज्याला आपण आपला गुरु करूं पाहतों, त्याची दक्षिणा बुडवून शिकण्यास बसणें शोभत नाहीं.

इतकीं पुस्तकें छापलीं गेलीं, आतां तीं घरोघरीं पोंचलीं, तरी पत्त्यांची जादू मेली नाहीं, याचें कारणहि आतां स्पष्ट होईल. गुपित वाचावयास पांच मिनिटें लागतात. तें हातांत उतरावयास पांच महिने. ज्याला नुसतें गुपित हवें असतें, तो पांच मिनिटांनीं कंटाळून निघून जातो, आणि त्याच्या जाण्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. जो उरतो, त्याच्यासाठीं पुस्तक वाट पाहत थांबलेलें असतें, मग तें कागदाचें असो वा कांचेचें. तेंच वाक्य तो विसाव्यांदा वाचतो, पत्ते पुन्हां सारखे करतो, आणि वरचें पान हळूच एकटें ओढून पाहतो.